मुक्त बाजारवादी करनीती व सरकारी खर्च

मुक्त बाजारवादी करनीती व सरकारी खर्च : आर्थिक व्यवहार शक्यतो व्यक्तींच्या ऐच्छिक देवघेवीवर व बाजारातील किंमतींवर सोपवावेत आणि शासनाने कर, खर्च व नियंत्रणे यांच्या द्वारे त्यांत कमीतकमी हस्तक्षेप करावा, असे प्रतिपादन करणारी अर्थनीती. तिलाच निर्हस्तक्षेप नीतीची राजकोषीय बाजू म्हणता येईल. या विचाराचा अर्थ शासन नसावे असा नव्हे. कायदा व सुव्यवस्था, संरक्षण, करारांचे पालन आणि मालमत्तेची सुरक्षितता यांवाचून बाजारच उभा राहू शकत नाही, हे या विचाराचे बहुतेक सर्व प्रवर्तक मान्य करतात. त्यांच्यात व त्यांच्या विरोधकांत मतभेद आहे तो, या किमान कर्तव्यांपलीकडे शासनाने किती जावे, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि कर आकारताना उत्पन्नाच्या फेरवाटपाचा हेतू धरावा किंवा नाही, या तीन प्रश्नांवर.

उगम व विकास : अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील निसर्गवादी अर्थशास्त्रज्ञांनी या विचाराची पहिली सुसंगत मांडणी केली. त्यांचा प्रमुख फ्रांस्वा केने (१६९४–१७७४) याच्या मते जमीन हाच निव्वळ उत्पन्नाचा उगम असल्याने नाना प्रकारचे जाचक कर रद्द करून जमिनीच्या निव्वळ उत्पन्नावर एकच कर बसवावा. याच विचारांचा प्रभाव असलेला त्यूर्गो (१७२७–८१) हा १७७४ मध्ये फ्रान्सचा अर्थमंत्री झाला व त्याने धान्याचा व्यापार खुला केला. त्याच वर्षी पीक बुडाले, भाव चढले आणि १७७५ च्या वसंत ऋतूत ठिकठिकाणी धान्यासाठी दंगे झाले. पुढील वर्षी त्यूर्गोला पद सोडावे लागले. तत्त्व बरोबर असले, तरी टंचाईच्या काळात ते कसे अंमलात आणावे, हा प्रश्न या विचाराच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत आहे.

ॲडम स्मिथने (१७२३–९०) १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द वेल्थ ऑफ नेशन्स या ग्रंथात या विचाराला भक्कम पाया दिला. प्रत्येक व्यक्ती स्वतःचे हित साधत असताना स्पर्धेमुळे समाजाचेही हित साधते, हे त्याचे मुख्य सूत्र होय. राजसत्तेची कर्तव्ये त्याने तीनच मानली : परचक्रापासून संरक्षण, न्यायदान आणि खाजगी व्यक्तींना फायदेशीर न ठरणारी पण समाजास आवश्यक असलेली सार्वजनिक कामे व संस्था. रस्ते, पूल, कालवे व सामान्य जनतेचे प्राथमिक शिक्षण यांचा समावेश त्याने तिसऱ्या कर्तव्यात केला. करांची न्याय्यता, निश्चितता, सोय व काटकसर ही त्याने सांगितलेली चार तत्त्वे आजही करपद्धतीच्या विवेचनात प्रारंभी दिली जातात. स्मिथ हा श्रीमंतांचा कैवारी नव्हता. व्यापाऱ्यांच्या संगनमताकडे तो संशयाने पाही आणि घरभाड्यावरील कराची चर्चा करताना श्रीमंतांनी आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणापेक्षा काहीसे अधिक द्यावे, यात त्याला गैर वाटले नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हा विचार राज्यकारभाराचे सूत्र बनला. १८४६ मध्ये धान्य कायदे रद्द होऊन परदेशी धान्याची आयात खुली झाली. त्यापूर्वी १८४२ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील याने आयातशुल्के कमी करता यावीत म्हणून प्राप्तिकर पुन्हा सुरू केला. वर्षाला १५० पौंडांहून अधिक उत्पन्नावर पौंडामागे ७ पेन्स, म्हणजे शेकडा ३ पेक्षा किंचित कमी, असा त्याचा दर होता. ग्लॅडस्टन (१८०९–९८) याने १८५३ च्या अंदाजपत्रकात हा कर क्रमाक्रमाने कमी करून १८६० मध्ये बंद करण्याची योजना मांडली होती. परंतु क्रिमियाच्या युद्धामुळे ती फसली. काटकसर, समतोल अंदाजपत्रक आणि हलके कर ही या काळातील अर्थकारणाची त्रिसूत्री होती. शतकाच्या अखेरीपर्यंत ब्रिटनचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एकदशांश एवढाच होता.

जॉन स्ट्यूअर्ट मिल (१८०६–७३) याने निर्हस्तक्षेप हा सर्वसाधारण नियम मानला. मात्र शिक्षण, मुलांचे संरक्षण, दारिद्र्यनिवारण असे अनेक अपवादही नोंदविले. वाढत्या दराने आकारल्या जाणाऱ्या प्राप्तिकराला त्याचा विरोध होता, कारण असा कर उद्योग व काटकसर यांना शिक्षा देतो, असे त्याचे मत होते. वारसाहक्काने फुकट मिळणाऱ्या संपत्तीवर मात्र कडक मर्यादा घालण्यास तो अनुकूल होता. फ्रान्समधील फ्रेदेरीक बास्त्या (१८०१–५०) याने सरकारी खर्चाविषयीचा एक साधा पण मार्मिक मुद्दा मांडला : सरकारी खर्चातून उभे राहिलेले काम डोळ्यांना दिसते, परंतु तोच पैसा करदात्यांकडे राहिला असता तर त्यांनी ज्या वस्तू घेतल्या असत्या व जो रोजगार दिला असता, तो दिसत नाही. सरकारी खर्चाचे मोजमाप या न दिसणाऱ्या बाजूसह केले पाहिजे, असा याचा इत्यर्थ.

विसाव्या शतकातील दोन महायुद्धांनी व १९२९ च्या महामंदीने ही घडी विस्कटली. अमेरिकेत १९१३ मध्ये प्राप्तिकर सुरू झाला, तेव्हा त्याचा कमाल दर शेकडा ७ होता. तो १९१८ मध्ये ७७ व १९४४ मध्ये ९४ झाला. केन्सने (१८८३–१९४६) १९३६ मधील ग्रंथात मंदीच्या काळी सरकारने तूट सोसूनही खर्च वाढवावा, असे प्रतिपादन केले. युद्धोत्तर काळात कल्याणकारी राज्याची कल्पना रुजली आणि प्रगत देशांत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३० ते ५० टक्क्यांपर्यंत गेला. या प्रवाहाच्या विरोधात हायेक (१८९९–१९९२) याने १९४४ मध्ये केंद्रीय नियोजनातून व्यक्तिस्वातंत्र्याला पोहोचणाऱ्या धोक्याकडे लक्ष वेधले आणि १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँ पेलरँ येथे समविचारी विद्वानांची परिषद बोलाविली. मिल्टन फ्रीडमन (१९१२–२००६), जेम्स ब्यूकॅनन (१९१९–२०१३) हे या परंपरेतील पुढील प्रमुख विचारवंत होत. हायेकला १९७४ मध्ये, फ्रीडमनला १९७६ मध्ये व ब्यूकॅननला १९८६ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

करविषयक विचार : प्रत्येक कराचा भार दुहेरी असतो. सरकारी तिजोरीत जमा होणारी रक्कम हा त्याचा दृश्य भाग. कर टाळण्यासाठी लोक कमी काम करतात, कमी बचत करतात, कमी लाभदायक पण करमुक्त मार्गाकडे वळतात. यामुळे होणारी हानी कोणाच्याच पदरात पडत नाही. हा त्याचा अदृश्य भाग होय. अर्थशास्त्रीय विश्लेषणानुसार ही हानी सामान्यतः कराच्या दराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दर दुप्पट केल्यास हानी सुमारे चौपट होते. म्हणून कराचा पाया रुंद व दर कमी असावा, सवलती व सूट यांची संख्या थोडी असावी आणि एकाच प्रकारच्या उत्पन्नावर वा वस्तूवर जबर कर नसावा, असा या विचारपंथाचा आग्रह असतो.

येथे सरासरी दर व सीमांत दर यांतील भेद महत्त्वाचा आहे. माणसाने अधिक काम करावे की नाही, हे त्याच्या एकूण उत्पन्नावरील करावर नव्हे, तर पुढील शंभर रुपयांतून त्याच्या हाती किती उरणार यावर ठरते. सीमांत दर ९७·७५ टक्के असेल, तर शंभर रुपयांपैकी २·२५ रुपये उरतात. तो ७७ टक्के केल्यास २३ रुपये, म्हणजे दसपट उरतात. याउलट ३० टक्क्यांचा दर २० वर आणला, तर हाती उरणारी रक्कम ७० वरून ८० रुपये, म्हणजे केवळ एकसप्तमांशाने वाढते. दर अत्युच्च असताना केलेली कपात आणि दर माफक असताना केलेली कपात यांचे परिणाम सारखे का नसतात, हे या उदाहरणावरून कळते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आर्थर लॅफर (१९४०– ) याच्या नावाने ओळखला जाणारा वक्र १९७४ पासून प्रसिद्धीस आला, त्याचा आशय हाच आहे. दर शून्य असताना उत्पन्न शून्य, दर शंभर टक्के असतानाही उत्पन्न शून्य. तेव्हा मध्ये कोठेतरी असा बिंदू असला पाहिजे, की ज्याच्या पुढे दर वाढविल्यास उत्पन्न घटते. हा विचार नवा नाही. चौदाव्या शतकातील अरब इतिहासकार इब्न खल्दून याच्या लेखनातही तो आढळतो. वादाचा मुद्दा हा बिंदू कोठे आहे, हाच असतो. वक्र काढून तो कळत नाही. प्रत्येक देशाच्या व कराच्या बाबतीत अनुभवावरूनच त्याचा अंदाज करावा लागतो.

प्रगतिशील कराविषयी या पंथात एकमत नाही. हायेकने १९६० मधील ग्रंथात, बहुमताने अल्पसंख्यांवर स्वतःला लागू नसलेला दर लादणे हे सर्वांना समान कायदा या तत्त्वाशी विसंगत आहे, असे म्हणून प्रमाणशीर कराचा पुरस्कार केला. फ्रीडमननेही १९६२ मध्ये एकाच दराचा प्राप्तिकर सुचविला. मात्र त्याला त्याने ऋण प्राप्तिकराची जोड दिली. ठराविक मर्यादेखाली उत्पन्न असणाऱ्यास सरकारने कर मागण्याऐवजी रोख रक्कम द्यावी व निरनिराळ्या कल्याण योजना बंद कराव्यात, अशी ही कल्पना आहे. गरिबाला धान्य, घर वा इंधन देण्यापेक्षा पैसा दिल्यास त्याची निवड त्याच्याच हाती राहते, हा तिच्यामागील युक्तिवाद होय.

सरकारी खर्च व तूट : फ्रीडमनच्या मते कराचा खरा बोजा कराच्या दरावरून नव्हे, तर सरकारी खर्चावरून मोजला पाहिजे, कारण सरकार जो खर्च करते, तो आज ना उद्या कोणाला तरी सोसावा लागतोच. कर न वाढविता कर्ज काढले, तर तो पुढे ढकललेला कर असतो आणि नोटा छापल्या, तर भाववाढ हाच कर होतो. भाववाढीच्या कराला विधिमंडळाची संमती लागत नाही व त्याचा सर्वाधिक फटका रोकड बाळगणाऱ्या, ठराविक वेतनावर जगणाऱ्या व असंघटित लोकांना बसतो. याच कारणाने पैशाच्या पुरवठ्यातील वाढ ठराविक नियमाने बांधलेली असावी, असे त्याचे म्हणणे होते. सरकारने मोठ्या प्रमाणावर कर्जे उभारल्यास व्याजाचे दर चढून खाजगी उद्योगांना भांडवल मिळणे दुरापास्त होते, हाही तुटीवरील एक नेहमीचा आक्षेप आहे.

ब्यूकॅनन व त्याचे सहकारी यांनी वेगळा प्रश्न विचारला. बाजारात स्वार्थी असणारा माणूस शासनात गेल्यावर निःस्वार्थी कसा होतो? मंत्री, अधिकारी व मतदार हेही आपापले हित पाहतात, हे गृहीत धरल्यास सरकारी खर्च का वाढत जातो, याचे उत्तर मिळते. एखाद्या अनुदानाचा लाभ मूठभरांना मोठ्या प्रमाणात होतो व त्याचा भार कोट्यवधींवर थोडाथोडा पडतो. त्यामुळे लाभार्थी संघटित होतात, भार सोसणारे होत नाहीत. म्हणून समतोल अंदाजपत्रकासारखी बंधने संविधानातच असावीत, असे त्याने सुचविले. अर्थात हाच न्याय मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांनाही लागू पडतो, कारण करसवलती मिळविण्यासाठीही मूठभर लोकच संघटित होत असतात.

सार्वजनिक वस्तू व बाह्य परिणाम हे बाजाराच्या मर्यादा दाखविणारे दोन प्रकार या पंथालाही टाळता येत नाहीत. संरक्षण वा साथीच्या रोगांचे निवारण यांचा लाभ पैसे न देणाऱ्यालाही मिळतो, त्यामुळे ते बाजारात पुरेसे उत्पन्न होत नाहीत. कारखान्याच्या धुराची किंमत कारखानदार देत नाही, शेजारी देतात. पिगू (१८७७–१९५९) याने अशा प्रसंगी कर बसविण्याचा मार्ग सुचविला. प्रदूषणावर सरसकट बंदी वा परवाना पद्धती लादण्याऐवजी कर बसविणे, हे आज मुक्त बाजाराचे अनेक समर्थकही मान्य करतात.

प्रत्यक्ष अनुभव : १९७० नंतर भाववाढ व बेकारी एकाच वेळी वाढू लागल्याने केन्सप्रणीत धोरणावरील विश्वास डळमळला. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये जनमताने मालमत्ता कर मूल्याच्या शेकडा १ वर मर्यादित करण्यात आला. ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये सत्तेवर आलेल्या मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने प्राप्तिकराचा कमाल दर ८३ वरून ६० व पुढे १९८८ मध्ये ४० टक्क्यांवर आणला. परंतु त्याच वेळी मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांपर्यंत वाढविला. म्हणजे कराचा भार काही अंशी उत्पन्नावरून खरेदीवर सरकला. स्थानिक खर्चासाठी प्रत्येक प्रौढ व्यक्तीवर सारखाच डोईकर बसविण्याचा तिचा प्रयोग मात्र लोकांना अन्याय्य वाटला. त्यावरून १९९० मध्ये दंगे झाले आणि हा कर थॅचर यांच्या सत्तात्यागाचे एक प्रमुख कारण ठरला.

अमेरिकेत अध्यक्ष रेगन यांच्या कारकीर्दीत (१९८१–८९) प्राप्तिकराचा कमाल दर ७० वरून ५० व १९८६ च्या कायद्याने २८ टक्क्यांवर आला. भाववाढ आटोक्यात आली व १९८३ पासून अर्थव्यवस्था सावरली. पण खर्चात, विशेषतः संरक्षण खर्चात, तशी कपात न झाल्याने राष्ट्रीय कर्ज सुमारे तिप्पट झाले. कॅनझस राज्याने २०१२ मध्ये प्राप्तिकरात मोठी कपात केली. अपेक्षित वाढ झाली नाही, शाळा व रस्ते यांना पैसा अपुरा पडला आणि २०१७ मध्ये विधिमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार डावलून कपात मागे घेतली. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये, भरपाईची तरतूद न करता, सुमारे ४५ अब्ज पौंडांच्या करकपातीची घोषणा होताच सरकारी रोख्यांचे भाव कोसळले व पंतप्रधान लिझ ट्रस यांना महिन्याभरातच राजीनामा जाहीर करावा लागला. या वेळी सरकारला रोखले ते विरोधी पक्षाने नव्हे, तर बाजारानेच.

हाँगकाँग हे मुक्त बाजाराचे आदर्श उदाहरण म्हणून नेहमी दिले जाते. सर जॉन कौपरथ्वेट हे तेथे अर्थसचिव असताना (१९६१–७१) कर अल्प, व्यापार खुला व अंदाजपत्रक शिलकी होते आणि वसाहतीची भरभराट झाली. तथापि तेथील जमीन सरकारी मालकीची असून तिच्या पट्ट्यांपासून सरकारला मोठे उत्पन्न मिळे आणि लोकसंख्येचा मोठा भाग सरकारने बांधलेल्या घरांत राही, हेही लक्षात घेतले पाहिजे. दुसऱ्या टोकाला डेन्मार्क व स्वीडन या देशांत करांचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक असूनही तेथील व्यापार खुला आहे व उद्योगांवरील नियंत्रणे थोडी आहेत. यावरून शासनाचा आकार व बाजाराचे स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे दिसते.

भारतातील स्थिती : भारतात हा विचार प्रथम परकीय सत्तेचे धोरण म्हणून आला व त्याचा कटू अनुभव महाराष्ट्राने घेतला. १८७४ च्या बिहारमधील दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोकांना वाचविले. परंतु खर्च फार झाला म्हणून त्यांच्यावर टीका झाली. १८७६–७८ च्या दख्खनच्या दुष्काळात धान्याच्या व्यापारात हस्तक्षेप करावयाचा नाही, हे सरकारचे सूत्र ठरले. त्याच टेंपल यांनी जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य व एक आणा इतकी खाली आणली. पुणे सार्वजनिक सभेने याविरुद्ध सरकारकडे निवेदने पाठविली. या दुष्काळात देशभरात ५० लाखांहून अधिक माणसे मेली, असा अंदाज आहे. धान्य बाजारात होते, पण मजुरांच्या हाती ते विकत घेण्याइतका पैसा नव्हता. किंमतयंत्रणा क्रयशक्तीला प्रतिसाद देते, भुकेला नव्हे, हे या प्रसंगाने दाखविले.

याच काळात मुक्त व्यापाराच्या नावाने मुंबईच्या गिरण्यांवर अन्याय झाला. १८८२ मध्ये आयातशुल्के रद्द झाली. पुढे महसुलासाठी ती परत बसविताना लँकेशरच्या कापडाला स्पर्धा नको म्हणून १८९६ मध्ये भारतीय गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के उत्पादन शुल्क लादण्यात आले. ते १९२५ पर्यंत चालू होते. न्यायमूर्ती रानडे (१८४२–१९०१) यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात दिलेल्या व्याख्यानात, इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत देशकालनिरपेक्ष नाहीत, मागासलेल्या देशात शासनाने उद्योगांना मार्गदर्शन व साहाय्य केले पाहिजे, असे प्रतिपादिले. दुसरीकडे गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात, सरकारी शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून अतिरिक्त करआकारणीची आहे, असे दाखवून मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. १९०३ ते १९०७ या काळात हा कर मणामागे अडीच रुपयांवरून एक रुपयावर आला, तेव्हा मिठाचा खप वाढला.

स्वातंत्र्योत्तर नियोजनाच्या काळात बी. आर. शेणॉय (१९०५–७८) यांनी १९५५ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील तुटीच्या अर्थभरणाविरुद्ध भिन्नमतपत्रिका जोडली. या योजनेत १,२०० कोटी रुपयांचा तुटीचा अर्थभरणा गृहीत धरला होता. १९५६ मध्ये ए. डी. श्रॉफ (१८९९–१९६५) यांच्या पुढाकाराने मुंबईत फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ ही संस्था निघाली. तिच्या वतीने नानी पालखीवाला (१९२०–२००२) यांची अंदाजपत्रकावरील वार्षिक व्याख्याने होत असत आणि ती ऐकण्यास ब्रेबोर्न स्टेडियम भरून जाई. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाने १९६७ च्या निवडणुकीत लोकसभेच्या ४४ जागा जिंकल्या. निकोलस कॅल्डॉर यांनी १९५६ मध्ये संपत्ती, व्यय व देणगी यांवरील कर सुचविताना प्राप्तिकराचा कमाल दर ४५ टक्क्यांवर आणावा, असेही सुचविले होते. नवे कर आले. दर मात्र वाढतच गेले. १९७०–८० या दशकाच्या प्रारंभी अधिभारासह हा दर ९७·७५ टक्के झाला. संपत्ती कर जमेस धरता काहींचा कर उत्पन्नापेक्षाही अधिक होई. करचुकवेगिरी व काळा पैसा यांचे हे अत्युच्च दर प्रमुख कारण आहेत, असा निष्कर्ष वांच्छू समितीने १९७१ मध्ये काढला. त्यानंतर कमाल दर १९७४–७५ मध्ये ७७, १९७६–७७ मध्ये ६६, १९८५–८६ मध्ये ५० व १९९७–९८ मध्ये ३० टक्के झाला. १९८५ मध्ये मृत्युकर, १९९८ मध्ये देणगी कर व २०१५ मध्ये संपत्ती कर रद्द झाला.

१९९१ च्या परकीय चलनाच्या संकटानंतर औद्योगिक परवाना पद्धती बव्हंशी मोडीत निघाली व सीमाशुल्काचे दर टप्प्याटप्प्याने उतरले. राजा चेल्लय्या समितीने रुंद पाया व माफक दर हे तत्त्व करसुधारणेचे सूत्र ठरविले. केंद्राच्या एकूण करउत्पन्नातील प्रत्यक्ष करांचा वाटा १९९०–९१ मध्ये सुमारे एकपंचमांश होता. तो २००७–०८ मध्ये निम्म्याहून अधिक झाला. याचे श्रेय केवळ कमी दरांना देता येणार नाही. सेवाक्षेत्राची वाढ, उगमस्थानी करकपात व संगणकीकृत नोंदी यांचाही त्यात हात आहे. २००३ च्या राजकोषीय उत्तरदायित्व कायद्याने तुटीवर मर्यादा घालण्याचा प्रयत्न केला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकातही बंद झाली.

महाराष्ट्रात या विचाराला शेतकऱ्यांच्या बाजूने वळण दिले ते शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी. निर्यातबंदी, लेव्ही व कापसाची एकाधिकार खरेदी यांमुळे शेतमालाचे भाव कृत्रिम रीत्या खाली राहतात, हा शेतकऱ्यावरील अप्रत्यक्ष करच आहे व अनुदानांनी त्याची भरपाई होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुक्त बाजाराची मागणी भांडवलदारांऐवजी कोरडवाहू शेतकऱ्याच्या वतीने होणे, हे या चळवळीचे वैशिष्ट्य होय. याच राज्याने दुसरेही उदाहरण घालून दिले. १९७२–७३ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे ५० लाख मजूर होते व उपासमारीने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळले. पुढे रोजगार हमी योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला व १९७७ मध्ये रोजगार हमी अधिनियम संमत झाला. शहरातील पगारदारांनी दिलेल्या करातून खेड्यातील मजुराला मागेल तेव्हा काम मिळावे, ही कल्पना बाजारातून उद्भवणारी नव्हती. १८७७ च्या मजुरीशी तिची तुलना केली असता सरकारी खर्चाचा अर्थ स्पष्ट होतो.

मूल्यमापन : अत्युच्च करांमुळे उद्यमाचा व प्रामाणिकपणाचा ऱ्हास होतो, तूट हा लपविलेला कर आहे, प्रत्येक सरकारी रुपयाची दुसरी न दिसणारी बाजू असते आणि परवाने व अनुदाने मूठभरांच्या सोयीची ठरतात, हे या विचारपंथाचे निष्कर्ष आज त्याच्या विरोधकांनीही बव्हंशी स्वीकारले आहेत. तथापि कर कमी केल्याने सरकारी उत्पन्न नेहमीच वाढते, किंवा खर्च कमी केला की विकास आपोआप होतो, या विधानांना अनुभवाचा आधार मिळत नाही. कपात कोणत्या दरापासून सुरू होते, तीबरोबर खर्चाची फेरतपासणी होते काय आणि बाजारात खरेदी करण्याची ताकद नसलेल्यांचे काय होते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर अशा धोरणाचे यशापयश अवलंबून असते. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर किंमतयंत्रणा देऊ शकत नाही. ते समाजाला विधिमंडळाच्या द्वारे, म्हणजेच कर व खर्च यांविषयीच्या जाहीर चर्चेतून, द्यावे लागते.